इंजिन हरलं की मशीन हरलं?

अडीचघर

गेली तीन वर्षं फावल्या वेळात एक बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे स्वतः बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, लिहितोय. चाली तयार करणं, अल्फा-बीटा शोध (निरुपयोगी चाली न बघताच कापत जाणारा), हॅश टेबल (आधी मोजलेल्या पोझिशनची वही), मारामारी थांबेपर्यंत पुढे बघत राहणं, सगळं पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिलेलं. न्यूरल नेटवर्क वगैरे नाही. मूल्यमापन जुन्या वळणाचं: दुहेरी प्यादं असेल तर इतके गुण वजा, हत्तीला मोकळा स्तंभ मिळाला तर इतके अधिक.

मागच्या आठवड्यात धीर करून ते एका हौशी ऑनलाइन स्पर्धेत उतरवलं. नियम असा की ज्याने त्याने आपापल्या मशीनवर इंजिन चालवायचं, चाली सर्व्हरमार्फत जातात. माझ्याकडे चार कोअरचा लॅपटॉप. पहिल्या फेरीत समोर चौसष्ट कोअरचं वर्कस्टेशन. तिसऱ्या फेरीत बत्तीस कोअर. पाचव्या फेरीत एक जण क्लाउडवर भाड्याचा सर्व्हर घेऊन आलेला. तिन्ही डाव हरलो.

हरण्याचं काही नाही, हरायची सवय आहे. पण नंतर लॉग वाचले आणि डोकं फिरलं. प्रत्येक डावात एक वेळ अशी येते की माझं इंजिन स्वतःला थोडं वरचढ समजून खुशीत आहे, आणि समोरचं त्याच क्षणी दीड-दोन प्याद्यांची आघाडी दाखवतंय. त्याला माझ्यापेक्षा पाच-सहा प्लाय खोल दिसत होतं, एवढंच. (नवख्यांसाठी: एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय.) त्या प्रोग्रॅममध्ये माझ्यापेक्षा वेगळी अक्कल होती असं मला कुठेही जाणवलं नाही.

कुस्तीत वजनी गट असतात. इथे का नसावेत? ही प्रोग्रॅमची स्पर्धा आहे की पाकिटाची?

काळा_उंट

+१. मीही याच कारणाने असल्या स्पर्धा सोडल्या. विजेत्याचं नाव वाचण्याआधी त्याच्या मशीनची माहिती वाचावी, निकाल कळतो.

जुनाजाणता

हा वाद संगणक-बुद्धिबळाइतकाच जुना आहे हो. फक्त पूर्वी तो उलट्या तोंडाने चालायचा.

पहिली जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा 1974 साली स्टॉकहोमला झाली, ती कैसा या सोव्हिएत प्रोग्रॅमने जिंकली. तेव्हा मोठं मशीन मिळवणं हाच पराक्रम होता. 1980 साली लिंझला बेल जिंकलं. केन थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांनी चाली शोधण्यासाठी खास सर्किटच बांधलं होतं. सेकंदाला सुमारे 1,60,000 पोझिशन. साध्या संगणकावरच्या तेव्हाच्या प्रोग्रॅमना हा आकडा स्वप्नातही दिसत नसे. मग 1983 आणि 1986 अशी दोन विजेतेपदं क्रे ब्लिट्झची. नावातच क्रे आहे, महासंगणक. 1989 ला एडमंटनमध्ये डीप थॉट, तेही खास चिपवालं.

इथवर तुमचंच म्हणणं खरं ठरतं. आता पुढचं बघा. 1992, माद्रिद: एड श्रोडर यांचा प्रोग्रॅम जिंकला, आणि तो पीसीत खोचायच्या एआरएम प्रोसेसरच्या एका कार्डावर चालत होता. मोठ्या मशीनवाले बघत राहिले. 1995, हाँगकाँग: एका बाजूला डीप ब्लूचा पूर्वावतार, आयबीएमचं खास हार्डवेअर. दुसऱ्या बाजूला 90 मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर फ्रिट्झ. डाव फ्रिट्झने घेतला आणि स्पर्धाही.

आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 2009 चं. ब्युनोस आयर्समध्ये माणसांच्या मर्कोसूर चषक स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ 4 एका मोबाइल फोनवर खेळलं. 10 पैकी 9½ गुण. सेकंदाला वीस हजारांपेक्षाही कमी पोझिशन बघत होतं. डीप ब्लू 1997 मध्ये बघायचं सुमारे 20 कोटी. बारा वर्षांत एवढी अक्कल प्रोग्रॅममध्ये आली, आणि ती कोअर वाढवून आली नाही.

अडीचघर

जुनाजाणता, प्रतिसाद सुंदर आहे, पण हे सगळे अपवाद आहेत. एकदा डेव्हिडने गोलिएथला लोळवलं म्हणून रोज लोळवेल असं नाही. समान अकलेच्या दोन प्रोग्रॅममध्ये काय होतं ते सांगा.

शून्यचाल

ते मोजता येतं, भांडायची गरज नाही.

हातात धरून चालायचा ठोकताळा असा: वेग दुप्पट केला की साधारण 50 ते 70 एलो गुण (खेळाडूची ताकद मोजायचं माप) मिळतात. 70 गुणांचा फरक म्हणजे दीर्घकाळात शंभरातले साठ गुण तुमचे. वरच्या पातळीवर हा फायदा घटत जातो, कारण इंजिनं जितकी खोल बघतात तितकी बरोबरी वाढते. आता चारावरून चौसष्ट कोअर म्हणजे चार वेळा दुप्पट. कागदावर दोनशेच्या वर गुण व्हायला हवेत. पण होत नाहीत, कारण अल्फा-बीटा हा मुळात रांगेत चालणारा शोध आहे. पहिल्या चालीची किंमत कळली की तिच्या जोरावर बाकीच्या चाली न बघताच कापता येतात. सगळ्या कोअरना एकदम कामाला लावलं तर निम्मेअधिक कोअर जे आपोआप कापलं जाणार होतं तेच खणत बसतात. आजची बहुतेक इंजिनं लेझी एसएमपी वापरतात: सगळे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चालींचं तेच झाड खणतात आणि सामाईक हॅश टेबलातून एकमेकांना मदत करतात. साधं आहे, चालतं, पण चौसष्ट कोअर म्हणजे चौसष्टपट वेग असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून मशीन विकत घेऊ नका.

तरी दोनशे गुण धरू. दोनशेच्या फरकाने हरणाऱ्याला चार डावांत साधारण एक गुण मिळायला हवा. तुम्हाला तीन डावांत शून्य. तीन डावांवरून काहीही सिद्ध होत नाही. नव्या पॅचने इंजिन पाच गुणांनी सुधारलं का हे ठरवायला लोक हजारो डाव खेळवतात, तुम्ही तीन डावांवर धागा काढलात. (ह. घ्या.)

अवांतर: खोली पाच-सहा प्लाय जास्त होती म्हणालात, ते मात्र मला खटकतंय. चांगल्या छाटणीच्या इंजिनात वेग दुप्पट झाला की जेमतेम एक प्लाय वाढतो. चार दुपटींत तीन-चार समजू शकतो. वेगवेगळ्या इंजिनांची खोली तशीही एकास एक ताडता येत नाही, तरीपण.

वजीरकाका

मी विरुद्ध बाजूने बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवून.

हार्डवेअर वेगळं काढा म्हणता, पण कुठून काढणार? डीप ब्लूमधून हार्डवेअर वजा केलं तर मागे काय उरतं? चाली तयार करणं, मूल्यमापन, शेवटचे काही प्लाय शोधणं, सगळं त्या 480 चिपमध्ये कोरलेलं होतं. प्रोग्रॅमच सिलिकॉनचा होता. फेंग-स्युंग सू यांनी ती चिप आखली, ती त्यांची बुद्धीच ना? 1996 ला फिलाडेल्फियात कास्पारोव्ह 4–2 जिंकला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला डीप ब्लू 3½–2½ जिंकलं. मधल्या वर्षात त्यांनी नवी चिप बनवली, म्हणजे बसून विचार केला.

हायड्राचंही तेच. एफपीजीएवर (हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपवर) चालणारं इंजिन, 2005 मध्ये लंडनला ग्रँडमास्टर मायकेल अ‍ॅडम्सला 5½–½ ने हरवलं. सगळ्यांनी एकसारखा पीसी वापरावा असा नियम असता तर हे दोन्ही प्रयोग स्पर्धेच्या दारातच थांबले असते. वजनी गट करा, पण खुला गट काढून टाकू नका. दंगलीतला सगळ्यात मोठा मल्ल बघायलाच लोक येतात.

भाड्याच्या क्लाउडवाल्याला मात्र माझं काहीही समर्थन नाही. त्यात त्याची कला शून्य.

काळा_उंट

काका, म्हणजे स्वतः चिप कोरली तर कला आणि विकत घेतली तर पाप? शर्यतीत घोडा स्वतः पाळलेला आहे की बाजारातून आणलाय हे कोण बघतं?

वजीरकाका

अरे, अडीच घरं चालणाऱ्या घोड्यांच्या धाग्यावर शर्यतीचे घोडे कुठून आणलेस!

हॅश_टक्कर

काकांनी म्हटलेले गट प्रत्यक्षात करून झालेत. 2008 ला बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत रिब्का नावाचं इंजिन 40 कोअरच्या क्लस्टरवर खेळून जिंकलं. आरडाओरडा झाला. 2009 ला पांप्लोनात आयसीजीएने (ही स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेने) आठ कोअरची मर्यादा घातली. मग दुसऱ्या बाजूने आरडाओरडा झाला. 2010 ला कानाझावात मर्यादा उठवली आणि शेजारी वेगळी सॉफ्टवेअर स्पर्धा सुरू केली: सगळ्यांना एकसारखं मशीन. खुल्या गटात 2015 ला लायडनमध्ये जॉनी 2,400 कोअरवर जिंकलं. पण 2016 ते 2019 अशी लागोपाठ चार खुली विजेतेपदं कोमोडोची, आणि ती कोअरच्या संख्येवर आलेली नव्हती.

(रिब्काचं ते विजेतेपद 2011 मध्ये काढून घेतलं गेलं, पण ते दुसऱ्याच भांडणात, कोडच्या नकलेवरून. त्यावर इथे सुरू करू नका, धाग्याचं काश्मीर होईल.)

नुसतीवाचक

इतके दिवस फक्त वाचत होते, आज एक भाबडा प्रश्न. मग सगळ्या स्पर्धा एकाच मशीनवर घेतल्या की विषय संपला ना?

हॅश_टक्कर

2017 पर्यंत मीही हेच म्हटलं असतं. एकाच मशीनवर आळीपाळीने दोन्ही इंजिनं, पाँडरिंग बंद (नाहीतर समोरच्याच्या वेळात विचार करताना एक दुसऱ्याचा प्रोसेसर खातं), हॅश सारखी, झालं.

मग डिसेंबर 2017 मध्ये अल्फाझिरो आलं, स्वतःशीच खेळून शिकलेलं, न्यूरल नेटवर्कवालं. स्टॉकफिश 8 या जुन्या वळणाच्या इंजिनाविरुद्ध 100 डाव: 28 विजय, 72 बरोबरी, एकही हार नाही. अल्फाझिरो चार टीपीयूवर (न्यूरल नेटवर्कसाठीच्या खास चिपवर), सेकंदाला 80 हजार पोझिशन. स्टॉकफिश 64 थ्रेडवर, सेकंदाला 7 कोटी. आता सांगा, मोठं मशीन कोणाचं होतं? गणिती क्रिया मोजल्या तर टीपीयू कितीतरी पुढे. पोझिशन मोजल्या तर स्टॉकफिश जवळजवळ नऊशेपट पुढे. वर स्टॉकफिशला फक्त एक जीबी हॅश आणि प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट. स्टॉकफिशच्या निर्मात्यांपैकी तूर रोमस्टाड यांनी त्यावर जाहीर हरकत घेतली, आणि ती रास्त होती: वेळ कुठे जास्त घालवायचा हे ठरवण्यावर त्या प्रोग्रॅममध्ये बरीच मेहनत घेतलेली आहे, एका चालीला एक मिनिट म्हटलं की ती वाया. 2018 मध्ये सविस्तर शोधनिबंध आला तेव्हा 3 तास अधिक चालीला 15 सेकंद अशी वेळ होती, 32 जीबी हॅश. 1,000 डावांत 155 विजय, 6 पराभव, बाकी बरोबरी. म्हणजे हरकत रास्त होती, निष्कर्ष तरी तोच राहिला.

मग लीला आलं, तशाच पद्धतीचं पण मुक्त, आणि त्याला जीपीयू (ग्राफिक्स कार्डावरची चिप) लागतो. सीपीयूचे किती कोअर बरोबर किती जीपीयू? किंमत सारखी धरायची, वीज सारखी धरायची, की क्रिया? लोकांनी ‘लीला रेशो’ नावाचा हिशोबच काढला: अल्फाझिरो आणि स्टॉकफिश यांच्या वेगांचं त्या सामन्यातलं गुणोत्तर म्हणजे एक, त्यावरून इतर सामने तोलायचे. म्हणजे ज्या सामन्याला अन्यायी म्हणून नावं ठेवली त्यालाच वजनमाप केलं! 2019 मध्ये टीसेक या इंजिनांच्या स्पर्धेच्या पंधराव्या पर्वाची अंतिम लढत लीलाने 53½–46½ ने जिंकली आणि पुन्हा तोच प्रश्न: जीपीयू जरा जास्त दिलेत का? उत्तर नाही. मैल आणि किलोपैकी मोठं काय, अशातला प्रकार.

प्यादं_सातव्या_घरात

रोचक चर्चा. एक मुद्दा कोणीच काढला नाही. स्पर्धेच्या दिवशीचं हार्डवेअर दिसतं तरी. त्याआधीचं?

अल्फाझिरो खेळलं चार टीपीयूवर, पण शिकताना स्वतःशी डाव खेळायला 5,000 टीपीयू लावले होते. लीला शिकलं ते जगभरच्या स्वयंसेवकांच्या जीपीयूवर. स्टॉकफिशची प्रत्येक सुधारणा 2013 पासून फिशटेस्टवर तपासली जाते, तिथेही लोकांनी दिलेली शेकडो मशीन. 2020 मध्ये त्यात एनएनयूई हे छोटं न्यूरल नेटवर्क आलं (शोगी या जपानी बुद्धिबळातून उचललेलं, यू नासू यांची कल्पना), तेही सीपीयूवर चालतं पण शिकवायला डावांचा डोंगर लागतो. स्पर्धेत दोघांना सारखा लॅपटॉप दिलात तरी एकाच्या मागे गावभरचं मशीन आहे आणि अडीचघरच्या मागे अडीचघर. एकटा माणूस इथे हरतो, आणि याला कुठलाही वजनी गट बसवता येत नाही.

टेबलबेसही (थोड्याच सोंगट्या उरल्यावरच्या पोझिशनची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) तसंच. सहा सोंगट्यांपर्यंतचं सिझिजी नावाचं टेबलबेस साधारण 150 जीबी, कोणालाही परवडतं. सात सोंगट्यांचं सतरा-अठरा टेराबाइट. पण त्याने फारसे डाव फिरत नाहीत, म्हणून सोडून देतो.

अडीचघर

प्यादं, हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. माझी तक्रार कोअरवर होती आणि तुम्ही माझं दुःख वाढवून ठेवलंत.

पण मग माझ्यासारख्याने मोजायचं कशावर? मला एवढंच कळायला हवं की माझा शोध समोरच्याच्या शोधापेक्षा चांगला लिहिलाय की वाईट.

शून्यचाल

मग स्पर्धेत कशाला जाता, रेटिंग याद्यांकडे जा. स्वीडिश एसएसडीएफ ही संघटना 1984 पासून इंजिनांची अशी यादी काढतेय. सीसीआरएल या दुसऱ्या यादीचे परीक्षक आपल्या मशीनचा वेग एका ठरलेल्या मशीनशी ताडतात आणि त्या प्रमाणात वेळ कमी-जास्त करतात. हार्डवेअर सारखं करता येत नसेल तर घड्याळ सारखं करा. एकट्याने लिहिलेली, जुन्या मूल्यमापनाची शेकडो इंजिनं तिथे आहेत. तुमची बरोबरी त्यांच्याशी. स्पर्धा म्हणजे जत्रा, तिथे तराजू शोधायचा नसतो.

आणि ते पाच-सहा प्लाय अजून डोक्यात घोळतायत. एका थ्रेडवर तुमचं इंजिन सेकंदाला किती पोझिशन बघतं?

अडीचघर

सुरुवातीच्या पोझिशनवरून सात लाखांच्या आसपास. लॅपटॉप तापला की आणखी उतरतं.

शून्यचाल

न्यूरल नेटवर्क नाही, हलकं मूल्यमापन, सी प्लस प्लस, बिटबोर्ड (पट बिटांत साठवायची वेगवान पद्धत), आणि सात लाख? कमी आहे. फार कमी. तापण्याने एवढं जात नाही. कंपाइल कसं करता?

अडीचघर

ऑप्टिमायझेशन चालू आहे हो, तेवढं कळतं मला.

शून्यचाल

आणि असर्ट?

काळा_उंट

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

अडीचघर

...

बरं. सांगून टाकतो, नाहीतर उंट झोपू देणार नाही.

दीड वर्षापूर्वी एका बगच्या मागे लागलो होतो. एन-पासाँ (प्याद्याने प्यादं मारायची खास चाल) मारून परत फिरताना हॅशची किल्ली, म्हणजे पोझिशनची ओळखखूण, बिघडायची. ते पकडायला प्रत्येक चालीनंतर अख्खा पट नव्याने मोजून किल्ली जुळते का हे बघणारा असर्ट टाकला होता. बग सापडला. असर्ट तिथेच राहिला. स्पर्धेला जी फाइल पाठवली तिच्यात तो चालू होता. दर चालीला, शोधाच्या प्रत्येक फांदीवर, तीनही डावांत.

आत्ता एनडीबग (असर्ट बंद करणारा पर्याय) लावून पुन्हा बांधलं. तेच मशीन, तीच पोझिशन: वेग जवळजवळ तिप्पट.

वजीरकाका

😂😂😂 पाकिटाची स्पर्धा!

हॅश_टक्कर

तिप्पट म्हणजे दीड दुपटीच्या वर. ऐंशी ते शंभर एलो घरातच पडून होते.

जुनाजाणता

हसू नका रे. असलं काहीतरी प्रत्येकाने केलंय. माझ्या पहिल्या इंजिनात हॅश टेबलात लिहीत होतो, वाचत कधीच नव्हतो. सहा महिने.

नुसतीवाचक

मग आता धाग्याचं शीर्षक बदलणार का?

अडीचघर

नाही. तिप्पट झालं तरी चार कोअर विरुद्ध चौसष्ट आहेच, तक्रार मागे घेतलेली नाही. पण सीसीआरएलला नवी फाइल पाठवतोय, आणि शून्यचाल, तुमच्याकडे मोकळं मशीन असेल तर जुन्या आणि नव्या फाइलचे एकमेकांशी हजारभर डाव लावाल का? माझा लॅपटॉप तापतो.

शून्यचाल

लावतो. पण माझं बत्तीस कोअरचं आहे, चालेल ना?